पॉलिॲनिलीनच्या फिल्म : रंग बदलतो, रीडिंग बदलत नाही. कुठून सुरुवात करू?

निळी_काच

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

पीएचडीचं पहिलं वर्ष, विषय पॉलिॲनिलीन, म्हणजे वीज वाहून नेणारं प्लास्टिक. गाईड म्हणतात, फिल्मची रचना आणि तिचं रासायनिक वागणं यांची सांगड घालणारं एक प्रकरण झालं पाहिजे. दोन प्रकारच्या फिल्म करते. पहिली आयटीओ (वीजवाहक, पारदर्शक ऑक्साइडचा थर) लावलेल्या काचेवर, ॲनिलीन आणि सल्फ्युरिक ॲसिडच्या द्रावणात व्होल्टेज खालीवर फिरवून. दुसरी साध्या मायक्रोस्कोपच्या काचपट्टीवर. ॲनिलीन हायड्रोक्लोराइड आणि अमोनियम परसल्फेट एकत्र केलं की बीकरमध्ये पट्टी उभी करून ठेवायची, फिल्म आपोआप बसते.

अडचणी अशा:
आयटीओवरची फिल्म हिरवी असो की अमोनियात बुडवून निळी केलेली, फोर-प्रोबचं (चार टोकं टेकवून रोध मोजायचं यंत्र) रीडिंग जवळजवळ तेच येतं. साध्या काचेवरच्या काही फिल्म किलोओहममध्ये, तर काही मीटरच्या रेंजबाहेर. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी रचना पाहायची पद्धत) नुसता एक रुंद उंचवटा. आणि पुस्तकात सायक्लिक व्होल्टॅमोग्रॅमला (व्होल्टेज खालीवर फिरवताना करंटचा ग्राफ) दोन पीक दाखवतात, मला तीन दिसतात.

लॅबमध्ये या विषयावर आधी कुणी काम केलेलं नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सेवानिवृत्त_बुन्सेन

छान विषय, आणि प्रश्न नेमके आहेत. काही सांगण्याआधी मलाच विचारायचंय. प्रत्येक फिल्म शेवटी कशाने धुतली? ॲसिडने, डिस्टिल्ड वॉटरने की नळाच्या पाण्याने? आणि आयटीओवरची फिल्म बाहेर काढली तेव्हा व्होल्टेज कुठे थांबलेलं होतं?

विचारतोय, कारण पॉलिॲनिलीन हा एकच एक पदार्थ समजून चाललात की सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. हीच साखळी तीन मुख्य अवस्थांत असते. पूर्ण क्षपित (क्षपण म्हणजे ऑक्सिडेशनच्या उलट) ल्युकोएमराल्डीन, फिकट पिवळी. अर्धी ऑक्सिडाइज झालेली एमराल्डीन. पूर्ण ऑक्सिडाइज झालेली परनिग्रॅनिलीन, जांभळट. यातली एमराल्डीन ॲसिडमध्ये असली की तिचं मीठ बनतं, ते हिरवं आणि वीजवाहक. अल्कलीत नेली की बेस, तो निळा आणि जवळजवळ इन्सुलेटर. म्हणजे दोन आडवी-उभी परिमाणं झाली, एक ऑक्सिडेशनचं आणि एक ॲसिडचं. तुमची फिल्म त्या नकाशावर नेमकी कुठे आहे, हे ती शेवटी ज्या द्रावणात आणि ज्या व्होल्टेजला होती त्यावर ठरतं. वहीत फिल्मच्या नंबराशेजारी या दोन गोष्टी लिहिलेल्या नसतील तर पुढची सगळी मापं अधांतरी.

फरक किती पडतो ते बघा. २००२ साली आययुपॅकचा (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना) एक तांत्रिक अहवाल आला. पाच संस्थांमधल्या आठ जणांनी एकच कृती करून पाहिली. ५९ नमुन्यांची सरासरी वाहकता आली ४.४ सीमेन्स प्रति सेंमी, कमीजास्त १.७. त्याच मालाचा बेस केला की वाहकता साधारण तीस कोटी पटींनी खाली. पदार्थ तोच, साखळीची लांबी तीच, फक्त ॲसिड काढून घेतलं.

चार_टोकं

आयटीओचं कोडं मी सोडवतो, माझा प्रांत भौतिकशास्त्राचा.

तुम्ही पॉलिॲनिलीन मोजतच नाही आहात, आयटीओ मोजताय. हिशोब करा. फिल्म समजा १५० नॅनोमीटर जाड आणि वाहकता ४ सीमेन्स प्रति सेंमी, म्हणजे हिरवी, अगदी उत्तम. तिचा शीट रेझिस्टन्स (थराच्या एका चौरसाचा रोध) येतो साधारण सतरा हजार ओहम प्रति चौरस. खालच्या आयटीओचा असतो दहा-पंधरा ओहम. विजेला दोन रस्ते दिले आणि त्यातला एक हजारपट सोपा असेल तर ती कुठून जाणार? प्रोबची टोकं मऊ फिल्ममधून आरपार आयटीओला टेकतात ते वेगळंच. निळी केली तरी आकडा तोच येणार, खालची काच बदललेली नाही ना.

आता निळ्या बेसचा हिशोब. सतरा हजारला तीस कोटीने गुणा. पाच लाख कोटी ओहम! तुमच्या मीटरने हात टेकले यात त्याचा काही दोष नाही.

तेव्हा वाहकता मोजायची ती साध्या काचेवरच्या फिल्मचीच. पातळ थराला शीट रेझिस्टन्स म्हणजे ४.५३ गुणिले व्होल्टेज भागिले करंट. पण हा गुणांक नमुना प्रोबच्या अंतराच्या मानाने बराच मोठा असेल तरच चालतो. छोट्या तुकड्याला सुधारणा लावावी लागते, नाहीतर व्हॅन डर पाव पद्धत घ्या, चार कोपऱ्यांना चांदीची पेस्ट. आणि काचपट्टीच्या दोन्ही बाजूंना फिल्म बसते, मागची बाजू पुसायला विसरू नका.

जाडी मोजल्याशिवाय वाहकता लिहू नका, ही हात जोडून विनंती. जाडी 'गृहीत धरलेले' पेपर वाचून डोकं फिरतं.

चहाटळ

मी कॉमर्सवाला, पण धागा सोडवत नाहीये. प्लास्टिक वीज वाहून नेतं हेच आधी पचेना, त्यात ॲसिड काढलं की बंद पडतं? कुणीतरी माझ्यासारख्याला कळेल असं सांगा ना.

सेवानिवृत्त_बुन्सेन

@चहाटळ, हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, पाहिलंय ना? हळदीच्या रेणूचा एक प्रोटॉन गेला आणि त्याने प्रकाश शोषायची तऱ्हा बदलली. इथेही प्रोटॉनचंच काम आहे. फरक इतकाच की रंगाबरोबर वीजही बदलते.

साखळीत बेन्झीनची कडी, मग नायट्रोजन, पुन्हा कडी, असं चालू असतं. एमराल्डीनमध्ये अर्धे नायट्रोजन अमाइन, त्यांच्यावर हायड्रोजन असतो. उरलेले अर्धे इमाइन, त्यांच्यावर नसतो. ॲसिडमध्ये घातलं की प्रोटॉन या इमाइनवर जाऊन बसतो. मग साखळीत इलेक्ट्रॉनची फेरमांडणी होते आणि धनभार एका जागी न राहता साखळीभर फिरायला मोकळा होतो. त्याला पोलारॉन म्हणतात. गंमत अशी की या सगळ्यात साखळीतल्या इलेक्ट्रॉनची संख्या बदलत नाही. पॉलिअसिटिलीनला आयोडीन लावतात तेव्हा आयोडीन इलेक्ट्रॉन काढून घेतं. इथे नुसतं ॲसिड पुरतं. या कुळात पॉलिॲनिलीनचं वेगळेपण आहे ते हेच.

रंगखाता

आमच्या घराण्याचा विषय निघाला! आजोबा मुंबईच्या एका गिरणीत रंगखात्यात होते. तुम्ही ज्याला पॉलिॲनिलीन म्हणता तो आमच्याकडचा ॲनिलीन ब्लॅक, त्याचाच सख्खा भाऊ. रंग तयार करून कापडावर चढवायचाच नाही. कापड ॲनिलीन हायड्रोक्लोराइड, क्लोरेट आणि फेरोसायनाइडच्या पाण्यातून काढायचं, वाळवायचं, मग वाफ द्यायची. रंग धाग्याच्या पोटातच तयार होणार. म्हणून तो धुवून जात नाही.

पण त्याला एक खोड होती. काळं कापड ॲसिडच्या वाफेने, कोळशाच्या धुराने हिरवट पडायचं. छत्रीच्या कापडाची ही नेहमीची तक्रार. (सगळ्याच छत्र्या ॲनिलीन ब्लॅकच्या नव्हत्या, सल्फर ब्लॅकही चालायचा, पण हिरवट पडणारी ती हीच.) यावर उपाय म्हणून शेवटी कापड डायक्रोमेटमधून काढायचे. त्याने ऑक्सिडेशन पुढे जायचं आणि मग हिरवेपणा सहसा यायचा नाही. आज तुम्ही ज्याच्यामागे लागलाय तो हिरवा रंग आमच्याकडे नापास माल होता. 😄

पोटभाडेकरू

+१ रंगखाता. थोडा इतिहास जोडतो.

१८६२ साली लंडन हॉस्पिटलच्या कॉलेजातले हेन्री लेथबी यांनी ॲनिलीन सल्फेटच्या द्रावणातून वीज सोडली आणि प्लॅटिनमच्या पत्र्यावर निळसर-हिरवा थर बसलेला पाहिला. लेथबींचा संबंध विषबाधेच्या तपासाशी होता. नायट्रोबेन्झीनने माणसं दगावली होती, ते शरीरात गेल्यावर ॲनिलीन बनतं असा त्यांचा कयास, म्हणून ॲनिलीन ओळखायची परीक्षा ते शोधत होते. धागाकर्तीने आयटीओवर केलं ते मुळात हेच, व्होल्टेज ताब्यात ठेवणारा पोटेन्शियोस्टॅट तेवढा नवा. एमराल्डीन, निग्रॅनिलीन ही नावं ग्रीन आणि वुडहेड यांच्या १९१० सालच्या कामातली, म्हणजे रंगाच्याच धंद्यातली.

२०००च्या नोबेलमुळे हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा ही नावं सगळ्यांना ठाऊक झाली, पण ते १९७७चं काम पॉलिअसिटिलीनवरचं. पॉलिअसिटिलीन हवेत टिकत नाही. मॅकडायर्मिड पुढे पॉलिॲनिलीनकडे वळले, आणि १९८६ साली हुआंग आणि हम्फ्री यांच्याबरोबर त्यांनी फिल्मचं रूप आणि पाण्यातल्या द्रावणातलं तिचं ऑक्सिडेशन-क्षपण यावर जो पेपर लिहिला तो तुमच्या प्रकरणाचा खरा पाया आहे. गाईडनी सांगितला नसला तरी आधी तो वाचा.

निळी_काच

सगळ्यांचे मनापासून आभार. आयटीओचा हिशोब वाचल्यावर तो कॉलम वहीतून काढूनच टाकला.

बुन्सेन सर, साध्या काचेवरच्या फिल्म डिस्टिल्ड वॉटरने धुते, काही पाण्याखाली जास्त वेळ राहतात. त्याच रेंजबाहेर जाणाऱ्या असाव्यात. मग धुवायचं कशाने?

सेवानिवृत्त_बुन्सेन

०.२ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडने, मग ॲसिटोनने. आययुपॅकच्या कृतीतही हेच आहे. पाण्याने धुताना मिठातलं ॲसिड हळूहळू निघतं आणि फिल्म अर्धवट बेस होते. ही अर्धवट स्थिती सगळ्यांत वाईट, कारण दोन फिल्म कधीच सारख्या येत नाहीत.

कृतीही लिहून ठेवतो. २.५९ ग्रॅम ॲनिलीन हायड्रोक्लोराइड पाण्यात विरघळवून ५० मिली करा. ५.७१ ग्रॅम अमोनियम परसल्फेट वेगळ्या ५० मिलीत. दोन्ही एकत्र, थोडं ढवळा, पट्ट्या उभ्या करा आणि हात लावू नका. बराच वेळ काही होत नाही असं वाटतं, मग द्रावण गडद निळं होतं. ती परनिग्रॅनिलीनची पायरी. शेवटी ऑक्सिडंट, म्हणजे परसल्फेट, संपत आला की हिरवं. थर्मामीटर सोडून ठेवलात तर पारा चढताना दिसेल आणि शेवट कधी झाला तेही कळेल. निळ्यावर पट्टी काढली तर फिल्म वेगळी, हिरव्यावर काढली तर वेगळी. बर्फात करून पाहा, वेळ जास्त लागेल.

द्रव ॲनिलीन वापरत असाल आणि ते चहाच्या रंगाचं झालं असेल तर डिस्टिल करा, थोडी जस्ताची भुकटी घालून, कमी दाबाखाली.

शिरीषाचं_फूल

इथे थांबवते. ॲनिलीन कातडीतून आत जातं हे कुणीच लिहिलं नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन बदलतं, ते ऑक्सिजन वाहून नेत नाही, ओठ-नखं निळी पडतात. ग्लोव्हज, फ्यूम हूड, आणि सांडलं तर 'नंतर पुसू' नाही. परसल्फेटची बाटली सेंद्रिय पदार्थांपासून लांब. लॅबमध्ये एकटी असताना डिस्टिलेशन तर नकोच.

उलटा_पीएच

आता तिसऱ्या पीककडे या, मला त्यातच रस आहे.

पहिला पीक साधारण ०.२ व्होल्टला (सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भाने), पिवळ्याचं हिरवं होताना. दुसरा ०.७५च्या आसपास, निळ्या-जांभळ्याकडे जाताना. मधला ०.५ला दिसतोय ना? तो क्विनोनचा. दुसऱ्या पीकपर्यंत नेलं की परनिग्रॅनिलीनवर पाणी हल्ला करतं, साखळी तुटते, बेन्झोक्विनोन सुटतं. तोच बेन्झोक्विनोन-हायड्रोक्विनोनचा पीक मध्ये दिसतो. म्हणजे फिल्म कुजतेय. वरची मर्यादा ०.९ ठेवली असाल तर सुरुवातीच्या एक-दोन फेऱ्यांनंतर खाली आणा. एकदा बिया पडल्या की पुढची वाढ स्वतःच्या जोरावर चालते, इतकं वर जायची गरज नसते.

घट्ट_साखळी

उलटा_पीएच, हे सरसकट नाही मान्य. क्विनोन सुटं असेल तर फिल्म ताज्या ॲसिडमध्ये, ॲनिलीन नसलेल्या, बदलून धुतली की मधला पीक उतरला पाहिजे. बऱ्याचदा उतरत नाही. आडवे जोड असलेल्या, फेनाझीनसारख्या कड्या साखळीतच तयार होतात, त्यांचाही पीक त्याच पट्ट्यात येतो असं मानणारे बरेच आहेत. ती कुजणं नाही, वाढतानाचीच चूक आहे.

उलटा_पीएच

धुवून उतरला नाही म्हणजे क्विनोन साखळीच्या टोकाला चिकटून राहिलं असेल, हेही होतं. पण चाचणी ठीक आहे, मग निकाल तिच्यावरच लावू. @निळी_काच, ताजी फिल्म घ्या, वरची मर्यादा खाली ठेवा, मधला पीक नोंदवा. मग ०.८ला काही मिनिटं धरून ठेवा, पुन्हा फिरवा. मधला वाढला आणि कडेचे दोन घटले तर पाणी लागून तुटतंय. धरून न ठेवताही पहिल्या फेरीपासून तेवढाच असेल तर घट्ट_साखळींचं बरोबर.

घट्ट_साखळी

यावर तह मंजूर.

जोडीला पीएच बदलून पाहा. पहिल्या पीकला एकापासून चारापर्यंतच्या पीएचमध्ये फारसा फरक पडत नाही, तिथे इलेक्ट्रॉन जातात आणि बाहेरून ऋण आयन आत येतात. दुसरा मात्र पीएच एकाने वाढला की साधारण ०.१२ व्होल्टने खाली सरकतो, म्हणजे एका इलेक्ट्रॉनमागे दोन प्रोटॉन बाहेर पडतात. हे १९८६च्याच पेपरात आहे. पीएच चारच्या पुढे गेलात की फिल्म जवळजवळ मुकी. रचना आणि रासायनिक वागणूक यांची सांगड म्हणतात ती इथेच दिसते.

चार_टोकं

रचनेचं म्हणाल तर एक्सआरडीवर फार भिस्त ठेवू नका. पॉलिॲनिलीनचे रुंद पीक २० आणि २५ अंशांच्या आसपास येतात आणि काचेचा स्वतःचा उंचवटाही त्याच पट्ट्यात. शंभर-दोनशे नॅनोमीटरच्या थरातून बीम सरळ काचेत जातो. तुम्हाला दिसला तो उंचवटा बहुधा काचेचाच. कोऱ्या काचेचा स्कॅन घ्या आणि शेजारी ठेवा. ग्रेझिंग अँगलची (बीम अगदी तिरपा टाकायची) सोय असेल तर उत्तम, नसेल तर बीकरच्या तळाची पावडर लावा आणि 'ही पावडर आहे' असं स्पष्ट लिहा.

एसईएममध्येही (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) भान ठेवा. फिल्म ॲसिडमध्ये फुगलेली असते, व्हॅक्यूममध्ये ती कोरडी पडते, आक्रसते, वरून सोन्याचा मुलामा. त्या फोटोतल्या भेगा वाळताना पडलेल्याही असू शकतात. वाळण्यावरून आठवलं, व्हॅक्यूममध्ये पाणी गेलं की वाहकताही उतरते, तेव्हा मोजताना खोलीतली आर्द्रता लिहून ठेवा.

सेवानिवृत्त_बुन्सेन

माझा कौल विचाराल तर महागड्या यंत्रांआधी यूव्ही-व्हिजिबल. आयटीओ पारदर्शक आहे, तो इथे उपयोगी पडू दे. क्युव्हेटमध्ये ॲसिड, आयटीओची अरुंद पट्टी, प्लॅटिनमची तार, छोटा रेफरन्स इलेक्ट्रोड. व्होल्टेज एका जागी धरा, स्पेक्ट्रम घ्या, पुढे सरका. क्षपित फिल्मला ३२० नॅनोमीटरच्या आसपास एकच पट्टा. हिरवी होऊ लागली की ४३०च्या सुमाराला आणि ८००च्या पुढे पोलारॉनचे पट्टे उगवतात. आणखी वर गेलात की ८००चा पट्टा मावळतो. बाहेर काढून वाळवलेल्या फिल्मचा स्पेक्ट्रम आणि हा, दोन्ही शेजारी छापा. ती आकृती प्रकरणाचा कणा होईल.

मग एफटीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड स्पेक्ट्रम. बेसमध्ये १५९० आणि १५००चे दोन पट्टे, पहिला क्विनॉइड (ऑक्सिडाइज झालेल्या) कड्यांचा, दुसरा बेन्झेनॉइड (साध्या) कड्यांचा. दोघांची तीव्रता जवळपास सारखी असेल तर ऑक्सिडेशन निम्म्यावर आहे. मीठ झालं की दोन्ही खाली सरकतात आणि ११४०चा पट्टा दांडगा होतो. त्याच्या दांडगेपणावरून भार किती मोकळा फिरतोय याचा अंदाज बांधतात. रामन (लेझरचा विखुरलेला प्रकाश तपासायची पद्धत) करायचं तर लेझरची पॉवर अगदी कमी ठेवा, गरम होऊन तिथल्या तिथे ॲसिड उडतं आणि तुम्ही मिठाऐवजी बेसचा स्पेक्ट्रम घेऊन येता.

सोय नसेल तर पवईच्या आयआयटीतल्या सैफकडे (बाहेरच्यांनाही यंत्रं वापरू देणारं केंद्र) नमुने पाठवता येतात. रांग असते, आधी नोंदणी करा.

चहाटळ

प्रश्न क्रमांक दोन. मामांची पोल्ट्री आहे. अमोनियाने डोळे चुरचुरतात. वर कुणीतरी 'अमोनियात निळी केली' म्हणालं. मग ही काच शेडमध्ये टांगली तर चालेल का?

निळी_काच

याचं उत्तर मीच देते, हे गाईडच्या यादीत आहे. 🙂

तत्त्व चालतं. अमोनिया फिल्ममधला प्रोटॉन घेऊन अमोनियम बनतो, फिल्म बेसकडे सरकते, रोध वाढतो. स्वच्छ हवा दिली की बराचसा अमोनिया परत निघतो आणि रोध उतरतो. त्यासाठी फिल्म साध्या काचेवर हवी, तिच्याखाली एकाआड एक दात असलेले दोन इलेक्ट्रोड. पण शेडमध्ये ओल असते, आणि वर चार_टोकं म्हणाले तसं ओल वाढली की वाहकता वाढते. म्हणजे अमोनिया रोध चढवणार, दमट हवा उतरवणार, आणि पावसाळ्यात मीटर मामांना शेड छान आहे असं सांगणार. शेजारी आर्द्रतेचा वेगळा सेन्सर ठेवून आकडा दुरुस्त करावा लागेल. धूळ-पिसं अडवायला जाळी लागेल ती वेगळी.

मंडळी, आधी ०.२ मोलरने धुतलेल्या फिल्मचे शीट रेझिस्टन्स आणि ०.८ला धरून ठेवायची चाचणी, एवढं करते. मधल्या पीकचा ग्राफ इथेच टाकेन.

उलटा_पीएच

टाकताना स्कॅन रेट आणि रेफरन्स इलेक्ट्रोड दोन्ही लिहा. नाहीतर घट्ट_साखळी आणि मी पुन्हा दोन पानं भांडू.